सॉफ्टवेअर प्रकल्प का फसतात? मुंबई विद्यापीठाच्या निकाल-गोंधळातून समजून घ्या

चाकणजवळच्या कुरुळी परिसरात गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत. या उद्योगात नवा पार्ट थेट लाखोंच्या संख्येनं काढत नाहीत. आधी सॅम्पल, मग छोटा ट्रायल लॉट, ग्राहक कंपनीची मंजुरी आणि मगच मास प्रॉडक्शन. सॉफ्टवेअर आणताना मात्र हीच शिस्त अनेकदा विसरली जाते. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात नेमकं तेच घडलं.

काय झालं होतं?

उन्हाळी परीक्षांच्या सगळ्या उत्तरपत्रिका स्कॅन करून कॉम्प्युटरवर तपासायचं विद्यापीठानं ठरवलं. तपासणी पारदर्शक व्हावी, निकाल लवकर लागावेत, हा हेतू होता. परीक्षा ४७७ आणि उत्तरपत्रिका १७ लाखांहून जास्त. कायद्यानुसार निकाल ४५ दिवसांत लागायला हवा. तो लागला नाही. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदतही हुकली. काही निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. मार्कशीटच हातात नसल्यानं अनेकांचे पुढचे प्रवेश अडकले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून हटवण्यात आलं.

चूक कुठे झाली?

वेळ: परीक्षा मार्चमध्ये सुरू झाल्या, पण काम करणारी कंपनी ठरली एप्रिलच्या अखेरीस.

व्याप: सगळ्या शाखा एकदम घेतल्या.

माणसं: वर्षानुवर्षं कागदावर पेपर तपासणाऱ्या प्राध्यापकांना नवी पद्धत ऐनवेळी शिकावी लागली. त्यात लॉगिन आणि स्कॅनिंगच्या अडचणी आल्या.

म्हणजे स्क्रीनवर पेपर तपासणं अशक्य नव्हतं. घाईनं घात केला.

नियोजन कसं हवं होतं?

आधी एका छोट्या शाखेत ट्रायल घ्यायची. त्यात एक उत्तरपत्रिका तपासायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून तारीख ठरवायची. आधी तारीख जाहीर करून काम त्यात कोंबायचं नाही. प्रशिक्षण परीक्षेपूर्वी संपवायचं. आणि ‘या दिवसापर्यंत सिस्टीम तयार नसेल तर यंदा कागदावरच तपासणी’ हेही आधीच ठरवून ठेवायचं.

ट्रायल लॉटमध्ये नापास झालेला पार्ट भंगारात जातो, नुकसान तेवढ्यावरच थांबतं. ट्रायल न घेता आणलेल्या सॉफ्टवेअरची किंमत मात्र ते वापरणाऱ्यांना मोजावी लागते. २०१७ मध्ये ती विद्यार्थ्यांनी मोजली.