जहाजाच्या स्वच्छतेचा निकाल प्रवाशाला वाचता यावा : दोन मंत्रालयांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय बंदरे, जहाजवाहतूक व जलमार्ग मंत्री
आणि
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

मुंबईच्या बॅलार्ड पिअर येथील आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले असून वर्षाला सुमारे १० लाख प्रवासी हाताळण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. त्याच्या वर्षभर आधी मुंबई बंदरातूनच सुरू झालेल्या ‘क्रूझ भारत मिशन’ने २०२९ पर्यंत देशातील क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. धक्के, टर्मिनल आणि जलमार्ग यांवर या मोहिमेत पुष्कळ लक्ष दिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या प्रश्नाने जगभरातील क्रूझ व्यवसायाची गेली पन्नास वर्षे पाठ सोडलेली नाही, म्हणजे भर समुद्रात जहाजावर पसरणारी साथ, त्याविषयी तिकीट काढणाऱ्या भारतीय प्रवाशाच्या हाती पडेल अशी कोणतीही माहिती आज उपलब्ध नाही. जहाजांच्या आरोग्य-तपासणीचे निकाल जहाजाच्या नावानिशी जाहीर व्हावेत, आणि ते निकाल खरे ठरावेत म्हणून आजारपण उघड करणाऱ्या खलाशाच्या वेतनाला व नोकरीला संरक्षण मिळावे, एवढीच या पत्राची मागणी आहे. जहाज एका मंत्रालयाच्या कक्षेत आणि बंदरातील आरोग्य दुसऱ्याच्या, अशी विभागणी असल्याने ती दोघांपुढे एकत्र ठेवणे भाग आहे.

क्रूझवरील साथींमध्ये सर्वाधिक आढळणारा विषाणू म्हणजे नोरोव्हायरस. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या नॉरवॉक गावातील शाळेत १९६८ साली उलट्या-जुलाबांची जी साथ आली, तिच्या नमुन्यांतून १९७२ मध्ये तो प्रथम इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला गेला. त्याचे मोजके कण पोटात गेले तरी लागण होऊ शकते. लागण झाल्यापासून साधारण १२ ते ४८ तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात, बहुतेक रुग्ण एक ते तीन दिवसांत बरे होतात, मात्र वृद्धांना आणि लहान मुलांना शरीरातील पाणी झपाट्याने कमी होण्याचा धोका असतो, आणि क्रूझवर वृद्ध प्रवाशांचे प्रमाण बऱ्याचदा मोठे असते. हा विषाणू जिन्याच्या कठड्यावर, लिफ्टच्या बटणावर, बुफेतील डावाच्या दांड्यावर बराच काळ टिकतो. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही, हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने चोळून धुणे व पृष्ठभाग क्लोरीनच्या तीव्र द्रावणाने पुसणे हेच त्यावरचे भरवशाचे उपाय होत. भोजनगृहाच्या दाराशी सॅनिटायझरची बाटली घेऊन उभा असलेला हसतमुख कर्मचारी प्रवाशाला दिलासा देतो, पण त्याच दाराशी हात धुण्याचे बेसिन असेल तर तेच अधिक उपयोगी ठरते. जानेवारी २०१४ मध्ये ‘एक्स्प्लोरर ऑफ द सीज’ या जहाजावर ६०० हून अधिक प्रवासी आजारी पडले आणि कॅरिबियन समुद्रातील सफर अर्ध्यावर सोडून जहाजाला न्यू जर्सीकडे परतावे लागले. या घटनेची आकडेवारी आज कोणालाही वाचता येते, याचे श्रेय एका सरकारी पद्धतीला आहे.

ती पद्धत म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १९७० च्या दशकात सुरू केलेला जहाज-स्वच्छता कार्यक्रम. परदेशी बंदर करून अमेरिकी बंदरात येणाऱ्या आणि १३ किंवा अधिक प्रवासी नेणाऱ्या जहाजांची तपासणी पूर्वसूचना न देता केली जाते, १०० पैकी गुण दिले जातात, ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळालेले जहाज अनुत्तीर्ण धरले जाते आणि प्रत्येक त्रुटीसह अहवाल जनतेसाठी खुला राहतो. २४ तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच, अथवा उलटीसोबत ताप किंवा पोटदुखीसारखे आणखी एक लक्षण, अशी गॅस्ट्रोच्या रुग्णाची व्याख्या ठरलेली आहे. प्रवाशांतील किंवा कर्मचाऱ्यांतील असे रुग्ण दोन टक्क्यांवर गेले की विशेष अहवाल द्यावा लागतो आणि ठरावीक निकषांत बसणाऱ्या सफरीवर ते प्रमाण तीन टक्क्यांना पोहोचले की साथीची नोंद जाहीर होते. या पारदर्शकतेचा एक परिणाम क्रूझ कंपन्यांना अन्यायकारक वाटतो, आणि त्यात तथ्य आहे : अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या नोरोव्हायरसच्या एकूण साथींपैकी जहाजांवरच्या साथी सुमारे एक टक्काच असतात, तरी बातम्या मात्र त्यांच्याच होतात, कारण वृद्धाश्रमातील वा उपाहारगृहातील रुग्णांची मोजणी इतक्या काटेकोरपणे होत नाही. भारताच्या बाबतीत हाच तर्क उलट्या दिशेने लावून पाहावा लागतो. येथील सफरींवर गॅस्ट्रोच्या साथी ऐकू येत नाहीत, एवढ्यावरून त्या होत नाहीत असे म्हणता येत नाही; जेथे जाहीर मोजणीच नाही तेथे शून्य या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

अघोषित तपासणी आणि जाहीर अहवाल यांची जोड का आवश्यक आहे, हे २०१३ च्या उन्हाळ्यात अलास्कातील स्कॅगवे बंदरात दिसून आले. ‘सिल्व्हर शॅडो’ हे धनिक प्रवाशांसाठीचे, आलिशान म्हणून प्रसिद्ध असलेले जहाज. तपासनीस जहाजावर आले तेव्हा कच्चे मांस, दूध, चीज, अंडी, शिजवलेले पदार्थ, मसाले, भाज्या आणि स्वयंपाकाची उपकरणे भरलेल्या १५ हून अधिक ट्रॉल्या गॅलीतून, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातून, बाहेर काढून कर्मचाऱ्यांच्या १० हून अधिक केबिनमध्ये लपवण्यात आल्याचे त्यांना आढळले. ज्या खोलीत दोघे-तिघे खलाशी झोपतात त्या खोलीत, शीतकरणाशिवाय, प्रवाशांच्या ताटात जाणारे मांस ठेवले गेले होते. जहाजाला ८२ गुण मिळाले, ते अनुत्तीर्ण ठरले आणि हा सारा तपशील अहवालात छापला गेला. येथे दोन गोष्टी नोंदवण्याजोग्या आहेत. तिकिटाची किंमत ही स्वच्छतेची हमी नसते, ही त्यातली उघड गोष्ट. दुसरी अधिक महत्त्वाची आहे : अन्न लपवण्याचे हे काम ज्यांच्याकडून करवून घेतले गेले आणि ज्यांच्या झोपायच्या जागेत ते कोंबले गेले, ते खालच्या श्रेणीतले कर्मचारी होते, आणि जहाजावर खरोखर काय चालते हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणालाही ठाऊक नसते.

भारतात कायद्याचा पाया नाही असे मुळीच नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लगेच फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. बंदरात येणाऱ्या व बंदरातून सुटणाऱ्या जहाजाची तपासणी करण्याचा आणि गरज पडल्यास ते रोखून धरण्याचा अधिकार त्या कायद्याने सरकारला दिलेला आहे. त्याच वर्षी व्हेनिसमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत चर्चेचा मुख्य विषय प्लेगच होता. पुढे १९५५ चे भारतीय बंदर आरोग्य नियम आले, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनुसार जहाजांना स्वच्छता-दाखला देण्याचे काम आज आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील बंदर आरोग्य संघटना करते. हा दाखला सहा महिन्यांपर्यंत वैध असतो. जहाजावर रोगाचा प्रसार करू शकेल असे काही आढळले नाही, किंवा आढळले त्यावर उपाय केले गेले, एवढे तो सांगतो. परंतु तो बंदर आणि जहाज यांच्यातला कागद आहे. त्यात गुण नसतात, प्रवाशाला तो दिसत नाही आणि मागच्या तपासणीशी त्याची तुलना करता येत नाही. शिवाय ही नियमावली मुळात देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या प्रवासासाठी आहे, तर मुंबई–गोवा किंवा मुंबई–लक्षद्वीप या मराठी कुटुंबांमध्ये लोकप्रिय झालेल्या सफरी पूर्णपणे देशांतर्गत असतात. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून मुरगाव बंदरात पोहोचलेल्या क्रूझवरील सुमारे २,००० जणांच्या चाचण्यांत ६६ कोविडबाधित आढळले आणि जहाज मुंबईस परतले, तेव्हा दोन राज्यांच्या आरोग्ययंत्रणा आणि बंदर प्रशासन यांना ऐनवेळी निर्णय घ्यावे लागले. अशा प्रसंगी कोणाला कोठे उतरवायचे, अलगीकरण कोणी करायचे आणि खर्च कोणी सोसायचा हे आधीपासून लिहून ठेवलेले असावे, ही अपेक्षा अवास्तव नाही.

पाण्याविषयी येथे थोडेसे लिहिणे आवश्यक आहे, कारण अन्नावरच्या चर्चेत ते मागे पडते. १९९४ मध्ये न्यूयॉर्कहून बर्म्युडाला फेऱ्या करणाऱ्या ‘होरायझन’ जहाजावरील सुमारे ५० प्रवाशांना लीजनेअर आजार, म्हणजे पाण्याच्या बारीक तुषारांतून फुप्फुसात जाणाऱ्या लीजनेला जिवाणूमुळे होणारा न्यूमोनिया, झाला. उगम सापडला तो गरम पाण्याच्या जलक्रीडाकुंडांच्या वाळूच्या गाळणीत. ही साथ एका सफरीत आटोपली नाही, ती एकामागून एक नऊ सफरींमध्ये पसरत राहिली, कारण रुग्ण घरी पोहोचल्यावर वेगवेगळ्या गावांतल्या डॉक्टरांकडे गेले आणि त्यांचे धागे जुळायला वेळ लागला. मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाचे प्रवासी पुणे, नाशिक, कोल्हापूर, इंदूर अशा दूरदूरच्या शहरांतून येतात आणि तीन-चार दिवसांत तेथेच परततात, हे लक्षात घेतले तर सफरीनंतरच्या आजारांची नोंद घेणारी यंत्रणा नसणे किती महाग पडू शकते याची कल्पना येईल.

आता खलाशांचा प्रश्न, जो या पत्राच्या मते सर्वांत मूलभूत आहे. गोव्यातील सासष्टी-बार्देशच्या कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या तारवटी आहेत, रत्नागिरी-सिंधुदुर्गातील आणि मुंबईतील तरुण केबिन स्टुअर्ड, वेटर, स्वयंपाकी म्हणून सहा-आठ महिन्यांच्या कंत्राटावर परदेशी क्रूझवर जातात. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानमधील योकोहामा येथे ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाज कोविडच्या साथीमुळे विलगीकरणात ठेवले गेले, तेव्हा प्रवाशांना केबिनमध्ये बसवण्यात आले, पण कर्मचारी मात्र काम करत राहिले, दोघा-दोघांच्या खोल्यांत झोपत राहिले आणि एकत्र जेवत राहिले. सुरुवातीच्या काळात बाधित ठरलेल्या २० कर्मचाऱ्यांपैकी १५ जण अन्नसेवेतले होते आणि त्यातील बहुतेकांच्या खोल्या एकाच डेकवर होत्या, अशी नोंद त्या वेळच्या तपासात झाली. जहाजावरील ३,७११ जणांपैकी अखेर ७१२ जणांना लागण झाली. तेथे अडकलेल्यांत भारतीय कर्मचारी शंभराहून अधिक होते.

गॅस्ट्रोच्या बाबतीत अमेरिकी नियम सांगतो की अन्न हाताळणारा कर्मचारी आजारी पडला तर लक्षणे पूर्ण थांबल्यानंतरही किमान ४८ तास त्याला कामावर घेऊ नये. नियम निर्दोष आहे, पण तो पाळला जाणे एका गोष्टीवर अवलंबून असते : पहाटे पोटात कळ आलेल्या सहायक स्वयंपाक्याने दवाखान्यात जाऊन ते सांगितले पाहिजे. ज्याचे पुढचे कंत्राट वरिष्ठाच्या शेऱ्यावर ठरते, ज्याने भरती करणाऱ्या एजंटाला द्यायला कर्ज काढले आहे, ज्याच्या मिळकतीत बक्षिशीचा वाटा मोठा आहे, तो दोन-तीन दिवस केबिनमध्ये बंद राहण्यापेक्षा गोळी घेऊन कामावर उभा राहण्याचा विचार करील, यात नवल नाही आणि त्याला दोष देणेही न्याय्य नाही. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी कामगार करारात आजारी खलाशाच्या उपचाराची आणि वेतनाची जबाबदारी जहाजमालकावर टाकलेली आहे. मात्र बुडालेली बक्षीस-मिळकत आणि न मिळालेले पुढचे कंत्राट ही त्या कराराच्या शब्दांतून निसटणारी नुकसाने आहेत. २०२५ मध्ये संसदेने व्यापारी नौवहनाचा नवा कायदा संमत केला आहे. त्याखालच्या नियमांत भारतीय बंदरातून प्रवासी घेणाऱ्या प्रत्येक क्रूझवर अलगीकरणातील दिवसांचे सरासरी मिळकतीइतके वेतन देणे बंधनकारक करावे, आजारपण कळवल्याच्या कारणाने कंत्राट नाकारल्याची तक्रार नौवहन महासंचालनालयाकडे थेट करता यावी आणि तक्रारदाराचे नाव गुप्त राहावे.

जाहीर निकालांमुळे बाल्यावस्थेतील व्यवसाय घाबरेल, हा आक्षेप येईलच. त्याचे उत्तर देशातच आहे : अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने उपाहारगृहांसाठी स्वच्छता-मानांकनाची ऐच्छिक योजना चालवली आहे, आणि तिच्यामुळे लोकांनी बाहेर जेवणे सोडलेले नाही. जहाजांच्या बाबतीत ही योजना ऐच्छिक ठेवून चालणार नाही इतकाच फरक आहे, कारण उपाहारगृह न आवडल्यास ग्राहक उठून जाऊ शकतो, समुद्रात ती सोय नसते. तसेच ती केवळ एखाद्या विभागाच्या इच्छेवरही सोडू नये. अमेरिकेचा कार्यक्रम जहाजांकडून मिळणाऱ्या शुल्कावर चालतो, म्हणजे करदात्यावर त्याचा भार नाही, तरीही एप्रिल २०२५ मधील नोकरकपातीत त्यातील पूर्णवेळ नागरी कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आले. यावरून अशी यंत्रणा प्रशासकीय आदेशापेक्षा नियमांच्या भक्कम आधारावर उभारणे शहाणपणाचे ठरते.

सुरुवात लहान असली तरी चालेल. येत्या हंगामापासून मुंबई आणि मुरगाव या दोन बंदरांत, देशांतर्गत सफरींसह प्रत्येक क्रूझची हंगामात दोनदा अघोषित तपासणी व्हावी. गॅली, पिण्याच्या पाण्याच्या टाक्या, जलक्रीडाकुंडे आणि कर्मचाऱ्यांच्या राहण्याच्या जागा या चारही ठिकाणांचे गुण वेगळे दाखवले जावेत. अहवाल पंधरा दिवसांच्या आत मराठी, कोंकणी, हिंदी आणि इंग्रजीत प्रसिद्ध व्हावा. आणि तिकीट विकताना जहाजाचे अखेरचे गुण व अखेरच्या साथीची तारीख सांगणे कंपनीवर बंधनकारक असावे. बंदर आरोग्य संघटनेच्या मुंबईतील अधिकाऱ्यांना यासाठी किती अधिक मनुष्यबळ लागेल याचा अंदाज दोन्ही मंत्रालयांनी एकत्र बसून करावा आणि तो संसदेच्या पुढील अधिवेशनात मांडावा, ही विनंती.

कळावे,
मुंबई–गोवा किनाऱ्यावरील प्रवासी आणि खलाशी यांच्या वतीने