भयपट आणि आजीची गोष्ट

‘आजीच्या भुताखेतांच्या गोष्टी ऐकूनच आम्ही वाढलों, मग भयपटांवर ‘केवळ प्रौढांसाठीं’ ही मोहोर कशाला?’ असा सवाल आमचे कांहीं सुशिक्षित मित्र करतात. त्यांस आमचें उत्तर असें कीं, आजी गोष्ट सांगतांना नातवाच्या तोंडाकडे पाहत असे. त्याचे डोळे विस्फारले कीं राक्षस तेथेंच मरे! पडद्यास प्रेक्षकाचें तोंड दिसत नाहीं. काळोख, अवाढव्य चेहरा, अकस्मात् किंकाळी. आणि खऱ्याखोट्याचा विवेक सहा-सात वर्षांच्या पोरास कोठून असणार?

इंग्लंडांत ‘फ्रँकेन्स्टाईन’ (१९३१) नंतर, १९३२ सालीं, भयपटांसाठीं ‘एच्’ हें चिन्ह निघालें. तो पालकांस नुसता इशारा होता. १९३७ सालीं सोळा वर्षांखालील मुलांस दारच बंद झालें. आमच्याकडे २०२३ च्या दुरुस्तीनें सात, तेरा, सोळा अशा पायऱ्या घातल्या, पण त्या पालकांच्या विवेकावर सोडून. म्हणजे पुन्हा इशाराच! अठरांखालील मुलांस मज्जाव फक्त प्रौढांच्या प्रमाणपत्रानें होतो, आणि तोही चित्रगृहाच्या दारापुरता. घरीं तेंच चित्र पोर पांघरुणाखालीं मोबाइलवर पाहतें. तेव्हां आजीच्या जागीं कोण बसलेलें असतें, हें त्या मित्रांनीं आम्हांस सांगावें.