थांब्यावर उभी राहिलेली बाई कोण मोजणार?

कर्जत-खालापुरात बायांची बैठक ठरवायची तर पहिला प्रश्न येतो, "परतीची गाडी किती वाजता?" कशेळे, कळंब, वावोशीच्या आतल्या वाड्यांवर दवाखाना, बाजार, मुलीचं कॉलेज, सगळं गाडीच्या वेळेवर ठरतं.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं. उरलेले पैसे शासनाने महामंडळाला भरून द्यायचे, म्हणून आपलं तिकीट यंत्रात वेगळं नोंदवलं जाऊ लागलं. पूर्ण भाडं भरत होतो तेव्हा आपण नुसत्या 'प्रवासी' होतो. पैशांचा हिशोब आला तेव्हा बाई मोजली गेली!

पण ही मोजणी सवलतीच्या हिशोबापुरतीच राहू नये. परिवहन महामंडळांच्या सरकारी आढाव्यात गाड्या, किलोमीटर, भारमान, उत्पन्न, खर्च असतो. भारमान म्हणजे गाडी किती भरली. कमी भरली, की फेरी तोट्याची ठरते. मात्र भारमान निघतं ते गाडीत चढलेल्यांचं. वेळ जुळत नाही म्हणून टमटमने गेलेली, पायी गेलेली किंवा घरीच राहिलेली बाई त्यात येत नाही. २०११ च्या जनगणनेतही कामावर जाण्याच्या साधनाची माहिती निघाली ती शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले वगळून उरलेल्या कामगारांची. भातलावणीला जाणारी बाई तिथेही सुटली.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक आगाराने दरमहा स्टँडवर फलक लावावा: कोणत्या मार्गावर, कोणत्या वेळी बायांची किती तिकिटं फाटली, किती फेऱ्या ठरल्या, किती रद्द झाल्या, का झाल्या. कुणाचं नावगाव नको, आकडा पुरे. माहिती आपणहून जाहीर करणं हे माहिती अधिकार कायद्याच्या (२००५) कलम ४ नुसार सरकारी यंत्रणांचं कर्तव्यच आहे.

आणि मैत्रिणींनो, थांब्यावरची मोजणी आपणच करू या. प्रत्येक गटाने एक आठवडा वही घेऊन बसावं. किती बाया उभ्या होत्या, किती चढल्या, उरलेल्या कशा गेल्या, किती पैसे मोडले, हे लिहावं. ती वही ग्रामसभेत मांडावी, मग आगारात न्यावी. फेरी बंद होते ती कागदावरच्या आकड्यांनी. ती सुरू करून घ्यायला आपल्या हातातही आकडे हवेत.