चांदणी कुणाच्या वहीवर?

मी दुसरीचा मास्तर. जिल्हा परिषदेची शाळा, बत्तीस पोरं. पहिल्या वर्षी मीही चांदण्यांचं पाकीट आणलं. पाढा म्हटला, चिकटव चांदणी. महिन्याभरात ज्यांच्या घरी अभ्यास घेणारं कुणी होतं त्यांच्या वह्यांचं आभाळ झालं, आणि आपल्या वस्तीतल्या पोरांच्या वहीत अमावस्या. वाटणी मीच केलेली. मी, वस्तीतूनच आलेला! लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

मग चौघाचौघांचे गट केले. एक आई दारात आली. 'मास्तर, माझ्या पोराला कुणाशेजारी बसवलंय?' काय विचारतेय ते तिलाही ठाऊक, मलाही. साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसायचा. ते गोणपाट अजून कैकांच्या डोक्यात अंथरलेलं आहे, दोस्तांनो.

पण नुसतं गोलात बसवून भागत नाही. हुशार पोरगं लिहितं, बाकीचे खडू आणतात. गटातही पाटीलकी चालते. १९७१ साली टेक्ससच्या ऑस्टिन शहरात काळी, गोरी, मेक्सिकन वंशाची पोरं एका वर्गात आली नि भांडणं पेटली. तेव्हा एलियट ॲरन्सननं युक्ती काढली: धड्याचे तुकडे करा, एकेकाच्या हाती एकेक द्या. पुरा धडा हवा, तर शेजाऱ्याचं ऐकावंच लागतं.

मीही गोष्टीचे चार तुकडे केले. ऊसतोडीवरून परतलेल्या पोरीला शेवट दिला. ती अडखळली, पण शेवट फक्त तिच्याकडंच! तिघं तिच्या तोंडाकडं बघत बसली. 'सांग की गं!' असं त्या वर्गात तिला आधी कुणी म्हटलं नव्हतं.

आता बक्षीस गटाला. चौघांतल्या कुणालाही उठवायचं, त्याला आलं तर सगळ्यांना पाच मिनिटं जादा खेळ. इथं मी पुन्हा फसलो. चुकलेल्या पोरीला 'तुझ्यामुळं गेलं' ऐकावं लागलं, आणि त्यापुढं जोडायचा शब्द पोरं घरूनच शिकून येतात. म्हणून आता गेल्या आठवड्यापेक्षा कोण किती पुढं गेलं तेच मोजतो. शून्यावरून तिनावर आलेली पोरगी गटाला सगळ्यात जास्त मिळवून देते.

१९९२ साली सरकारनंही बक्षीस काढलं: दलित, आदिवासी, भटक्यांच्या गरीब मुलींना पहिली ते चौथी हजेरीच्या दिवसाला एक रुपया. रुपयानं पोरगी दारापर्यंत आली, धरून चालू. आत कुणाशेजारी बसली, ते रुपया विचारत नाही.

त्या आईनं पोराला काढलं नाही. खिचडीच्या ओळीत मात्र तो अजून सरकून बसतो. सोमवारपासून जेवतानाही गट मोडायचे नाहीत, असं ठरवलंय. बघू, दारात कोण कोण येतं.