शोकांतिकेचा हट्ट

'एकच प्याला' शिकवताना सुधाकराच्या मृत्यूपाशी पोचलो की वर्ग गंभीर होतो आणि आम्ही सवयीने 'अटळ' हा शब्द उच्चारून मोकळे होतो. नाटकात तो शब्द शोभतो. पण तोच शब्द औषधाच्या दुकानाच्या दारात आडवा उभा राहिला, तर त्याची उलटतपासणी करणे हे भाषाशिक्षकांचेही काम ठरते. अमेरिकेतील नॅलोक्झोनचा वाद आम्ही इथे मांडत आहोत तो याच कारणासाठी.

हेरॉइन, फेंटॅनिल अशी अफूवर्गीय द्रव्ये अतिमात्रेत गेली की श्वास मंदावत थांबतो आणि माणूस मरतो. नॅलोक्झोन त्या द्रव्यांना मेंदूतील त्यांच्या जागेवरून हुसकावते. दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. अंमल तास-दीड तासच टिकत असल्याने रुग्णाला इस्पितळात न्यावेच लागते. या औषधाची नशा येत नाही. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली १९७१ साली. नाकात फवारायचे औषध चिठ्ठीविना विकायला परवानगी मिळाली मार्च २०२३ मध्ये. या दोन तारखांमधले अंतर ५२ वर्षांचे आहे. एरवी चिठ्ठी रुग्णाच्या नावाने लिहिली जाते. इथे मात्र बेशुद्ध पडलेला माणूस स्वतःला औषध देऊच शकत नाही. ते आईच्या, मित्राच्या, शेजाऱ्याच्या हाती असावे लागते. शिकागोत डॅन बिग आणि त्यांचे सहकारी १९९६पासून ते नशा करणाऱ्यांच्याच हाती देऊ लागले, कारण प्रसंगी जवळ असतात ते तेच.

विरोधकांचा युक्तिवाद काय होता? मेन राज्याचे गव्हर्नर पॉल लपाज यांनी २०१६ साली औषध सुलभ करणारे विधेयक नाकारले. हे औषध जीव वाचवत नाही, पुढच्या अतिमात्रेपर्यंत तो लांबवते एवढेच, असे त्यांचे म्हणणे. विधिमंडळाने तो नकार मोडीत काढला, पण विधानाचे काय? इन्सुलिन तरी दुसरे काय करते? लांबवलेले आयुष्य म्हणजेच आयुष्य. आपल्यापैकी कोणाच्याही वाट्याला त्याहून वेगळे काही आलेले नाही.

अधिक गंभीर आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा. जेनिफर डोलिअॅक आणि अनिता मुखर्जी यांनी २०१८ साली असे मांडले की, बचावाची हमी मिळाल्याने लोक अधिक धोका पत्करतात. चोऱ्या आणि इस्पितळातल्या फेऱ्या वाढतात, मृत्यू मात्र एकंदरीत घटत नाहीत. या निष्कर्षाला इतर संशोधकांनी आव्हान दिले. आमचा प्रश्न साधा आहे. मेलेला माणूस इस्पितळात दुसऱ्यांदा येत नाही आणि चोरीही करत नाही. मग वाचलेल्यांच्या फेऱ्या औषधाच्या दोषखात्यात कशा मांडायच्या? शिवाय नॅलोक्झोनने शुद्धीवर येणे म्हणजे नशा तुटण्याच्या यातनांत एकदम फेकले जाणे. त्या हमीवर कोणी मजा करायला निघतो, ही कल्पना खुर्चीत बसूनच सुचू शकते.

खरी गोम शब्दात आहे. 'व्यसन' या संस्कृत शब्दाचा एक अर्थ संकट, आपत्ती असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील आठवे अधिकरण 'व्यसनाधिकारिक'. त्यात राजाच्या दुर्गुणांबरोबर राज्यावरच्या आपत्तींचाही विचार येतो. आपण त्यातला दुर्गुण तेवढा ठेवला आणि आपत्ती गाळली. दुर्गुणी माणसाला शासन हवे असते, आपत्तीत सापडलेल्याला हात. शब्दाचा अर्धा अर्थ हरवला की अर्धी करुणाही हरवते, ती अशी.

जॅक फिशमन हे नॅलोक्झोनच्या दोन जनकांपैकी एक. १९६१ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला होता. २००३ साली त्यांचा सावत्र मुलगा हेरॉइनच्या अतिमात्रेने मरण पावला. संशोधकाच्या घरातही औषधाचे ज्ञान पुरत नाही. ते त्या क्षणी हाताशी असावे लागते. २०२३ साली ते दुकानाच्या फळीवर आले तेव्हा दोन मात्रांची किंमत सुमारे ४५ डॉलर होती. म्हणजे चिठ्ठीचे कुलूप निघाले आणि किमतीचे लागले. रस्त्यावर राहणाऱ्याला दोन्ही सारखीच.

व्यसनी माणसाचा शेवट मरणानेच व्हावा, हा हट्ट रंगभूमीचा. आम्ही तो वर्गात शिकवत राहू, आवडीने शिकवू. फक्त 'अटळ' म्हणताना यापुढे जरा अडखळू, आणि विद्यार्थ्यांनीही अडखळावे, अशी आमची इच्छा आहे.