अपील केलं, तरी मीटर चालूच!

‘अंतरिम पोटगीच्या आदेशाला आव्हान’ ही हेडलाइन तुम्ही वाचलीच असेल. धनंजय मुंडे यांचं प्रकरण आठवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये वांद्र्याच्या दंडाधिकारी न्यायालयाने करुणा मुंडे यांना दरमहा सव्वा लाख आणि मुलीला ७५ हजार रुपये देण्याचा आदेश दिला. करुणा आपल्या कायदेशीर पत्नी नाहीत, असं म्हणत मुंडे माझगावच्या सत्र न्यायालयात गेले. ५ एप्रिलला अपील फेटाळलं गेलं. लगेच ‘कोण जिंकलं, कोण हरलं’ सुरू झालं. पण मूळ केस तर अजून बाकीच होती!

अंतरिम पोटगी म्हणजे केस संपेपर्यंतची सोय. चूक कोणाची, हे नंतर ठरेल. तोवर घरभाडं, शाळेची फी, औषधपाणी कोण बघणार, एवढाच इथे प्रश्न. म्हणून कोर्ट साक्षीपुरावे पूर्ण व्हायची वाट न बघता कागदांवरून प्राथमिक मत बनवतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली ही पोटगी पत्नीच काय, कमाई नसलेला पतीही मागू शकतो, बरं का!

दाद कुठे मागायची?

हे केस कोणत्या कायद्याखाली आहे, त्यावर ठरतं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अंधेरी किंवा बोरिवलीच्या दंडाधिकाऱ्यांनी आदेश दिला, तर ३० दिवसांत दिंडोशीच्या सत्र न्यायालयात अपील. घटस्फोटाची केस मात्र वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात चालते, मग तुम्ही मुलुंडला राहा की घाटकोपरला. तिथल्या अंतरिम आदेशावर कुटुंब न्यायालय कायद्यात थेट अपील नाही. त्यामुळे आपल्याकडे उच्च न्यायालयात रिट याचिका करतात. तिथे सगळा हिशेब नव्याने मांडला जात नाही, आदेशात ढळढळीत चूक आहे का, एवढंच बघतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वर दाद मागितली म्हणून पोटगी आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. ती मिळाली नाही, तर थकबाकी रिक्षाच्या मीटरसारखी वाढत राहते.

नागपूरचं एक प्रकरण बघा. पत्नीने २०१३ मध्ये अर्ज केला. कुटुंब न्यायालयाने २०१५ मध्ये तिला महिना १५ हजार आणि मुलासाठी वेगळी रक्कम मंजूर केली. पती उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, २०१८ मध्ये हरला. मग सर्वोच्च न्यायालय. ४ नोव्हेंबर २०२० ला तिथेही आदेश कायम राहिला. फक्त तात्पुरत्या रकमेवर सात वर्षं! मूल तोवर शाळेत जायला लागलं.

याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले. दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. अंतरिम अर्ज शक्यतो चार ते सहा महिन्यांत निकाली काढायचा. आणि पोटगी द्यायची ती अर्जाच्या तारखेपासून.

म्हणजे खरी लढाई अपिलात नाही, त्या पहिल्या प्रतिज्ञापत्रात आहे. सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट, आयकर विवरण तिथेच नीट द्यायला हवं. पुढे खरंच नोकरी गेली, तर त्याच कोर्टात रक्कम बदलून मागता येते. आणि वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी गप्प बसली असेल, तर तिला सांगा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.