पपईला काय विचारता, पाण्याच्या टाकीला विचारा!



मागच्या आठवड्यात एका घरी भेटायला गेलो. सातव्या महिन्यात बाळ गेलेलं. सून आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेली आणि ओसरीवर बायाबापड्यांचं कोर्ट भरलेलं. पपई खाल्ली असंल, ग्रहण पाळलं नसंल. एक आजी तर म्हणाल्या, "पायगुणच तसा." पोरीला ताप आला होता का, डोळे पिवळे झाले होते का, हे एकानंही विचारलं नाही.

मी डॉक्टर नाही. तिचं बाळ कशानं गेलं ते मला सांगता येणार नाही. गर्भपात काय फक्त विषाणूंमुळंच होतात असंही नाही, सुरुवातीच्या महिन्यांत बऱ्याचदा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. पण ज्या कारणांवर गावाला इलाज करता येतो, त्यांच्याबद्दल आपण तोंड का उघडत नाही?

कावीळ घ्या. 'ई' प्रकारची कावीळ गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की होते. धडधाकट गडी काही आठवड्यांत उठून कामाला लागतो. तीच गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर शंभरातल्या वीस-पंचवीस बाया दगावू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, हजारो लोक आजारी पडले. कारण पाणीच. आता आपल्या गल्लीतली पाइपलाइन गटारातून कुठं कुठं जाते ते एकदा चालत जाऊन बघा. (मी बघितलंय. त्या दिवशी जेवण गेलं नाही.)

दुसरा झिका. २०२१ ला पुरंदरच्या बेलसरमध्ये राज्यातला पहिला रुग्ण सापडला. २०२४ मध्ये पुण्यात साथ आली, त्यात कितीतरी गरोदर बाया होत्या, आणि आपल्याच जिल्ह्यात संगमनेरलाही रुग्ण निघाले. हा विषाणू आईकडून पोटातल्या बाळाला जाऊ शकतो, काही बाळांच्या मेंदूची वाढ खुंटते. नेणारा डास तोच, डेंग्यूचा. तो वाढतो आपल्या ड्रममध्ये. नळ रोज येत नाही म्हणून बाई ड्रम भरून ठेवते, त्यात अळ्या होतात, आणि मग आपण तिलाच म्हणणार, ड्रम का झाकला नाही? धुराची गाडी फिरवून फोटो टाकले की झालं. त्या धुरानं उडते डास मरतात, ड्रममधल्या अळ्या मजेत असतात.

रुबेलाची तर वेगळीच गंमत. नोव्हेंबर २०१८ च्या मोहिमेत लस पंधरा वर्षांच्या आतल्या पोरापोरींना दिली. तेव्हा सोळा-सतराच्या असलेल्या पोरी आज आया होतायत. त्यातल्या कितीजणींनी घेतलीय? गरोदरपणात ही लस देता येत नाही, म्हणून लग्न ठरलं की आधी डॉक्टरांना विचारा. पत्रिका नंतर जुळवा.

जलसुरक्षक रोज ओटी टेस्ट करतो का, टीसीएल पावडर किती आली, किती पडली, गटारातले पाइप कधी बदलणार, हे मी पुढच्या ग्रामसभेत लेखी विचारणार आहे. टेस्टची वही तिथं सगळ्यांसमोर उघडायची. आणि बायांनो, तुम्ही या. मागच्या सभेत मोजून चारजणी होत्या.